शिवणकाम नावाचा फोल्डर

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. नवी वही उघडायला याहून चांगलं निमित्त नाही. दुकान जुन्या लॅपटॉपचं. लोक विकायला आणतात, आम्ही तपासतो, पुसतो, पुढे विकतो. पुसायचं काम माझ्याकडे. मालकांनी सकाळीच शिकवलं, की नुसतं डिलीट केलेलं जात नाही, नजरेआड होतं. डिस्कवर तीनदा नवं लिहिलं की मगच जुनं मरतं. आणि लोकांचं खासगी असतं, डोकावायचं नाही. मी मान डोलावली. खुर्ची जरा लंगडते, पण पंखा थेट माझ्यावर आहे. ताईला फोन करून सांगितलं, तुझी बहीण एकदाची कामाला लागली. ती म्हणाली, मग आता स्वतःच्या चपला घे, माझ्या झिजवू नकोस.

७ मार्च, गुरुवार
दातांचे डॉक्टर आले होते. पलीकडच्या गल्लीत दवाखाना, मालकांची दाढ त्यांनीच काढलेली. बायकोचा लॅपटॉप आणला. ती दोन महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून गेली. फार मऊ बोलतात. सगळं पुसून टाका म्हणाले, बघवत नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.

८ मार्च, शुक्रवार
डोकावले. वहीत खोटं कशाला लिहू. ‘शिवणकाम’ नावाचा फोल्डर होता, आत एकेचाळीस फोटो. शिवण एकातही नाही. दंड, मनगट, पाठ, मांडी, सगळीकडे काळेनिळे वळ. प्रत्येकाला तारीख आणि खाली एका ओळीत माराचं कारण. चहा गार होता. फोन उचलायला उशीर झाला. ‘मी हसले.’ चाळीस पाहिले, शेवटचा उघडायचा धीर झाला नाही.
मालकांना दाखवायला गेले तर त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, डॉक्टर ओळखीचे आहेत, आणि गेलेली बाई काही परत येत नाही. पुसून मोकळी हो.

९ मार्च, शनिवार
डॉक्टरांच्या बायकोची आई आली. हातात कापडी पिशवी, बोलताना धाप लागत होती. म्हणाली, लेक फोनवर सांगायची, आई, मी सगळं ठेवलंय, वेळ आली की दाखवीन. त्यातलं काही उरलंय का?
लॅपटॉप माझ्यासमोरच होता. मालक माझ्याकडे बघत होते. नोकरीला सहा दिवस झालेत. मी सांगितलं, कालच पुसला.
बाईंनी झाकणावरून एकदा हात फिरवला, मला बरं बाळ म्हणाल्या, काही सापडलं तर असू दे म्हणून फोन नंबर लिहून दिला आणि गेल्या.
मग मी तो पुसला. तीनदा.

११ मार्च, सोमवार
विकायला ठेवण्याआधी उघडून पाहिला. सगळं कोरं, फक्त ‘शिवणकाम’ तसाच. आत एकच फोटो. दंडावर चार बोटांचे वळ. तिचा पहिला फोटो असाच होता. पण ही बाही माझ्या पिवळ्या ड्रेसची आहे.
खालची ओळ: कालच पुसला.
घरी येऊन बाही वर केली. चार बोटं.

१२ मार्च
पुन्हा पुसला. पुन्हा आला. आता सात फोटो, तिच्याच क्रमानं. मनगट सुजलंय. ताईनं विचारलं कुणी केलं. मी म्हटलं, दार लागलं. डॉक्टरांच्या बायकोनंही घरी असंच सांगितलं असेल.

१४ मार्च
डॉक्टर गेले. सकाळी झाडणाऱ्या बाईला सापडले, पेशंटच्या खुर्चीत बसलेले. आतून कडी होती. मालक सांगत होते, अंगभर नुसते वळ. कुठे कुठे ते मी न विचारता सांगितलं असतं. चाळीस जागा मला पाठ आहेत.
मालकांनी बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या. एवढ्या उकाड्यात.

१५ मार्च
दुकान बंद. मालकांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोनं उचलला, रडत होत्या. जिन्यावरून पडले म्हणाल्या, जागीच गेले.
त्यांचं घर बैठं आहे. जिना नाही.
लॅपटॉप घरी घेऊन आले. कुणाच्या हाती लागायला नको.

१६ मार्च
पाठ टेकवत नाही. एकतीस — बत्तीस — मोजणं सोडलं. सगळ्यांखाली तीच ओळ. कालच पुसला. कालच पुसला. ताई कामावर गेली की भीती वाटते — ती असली की जास्त. तिला काही झालं तर —

१७ मार्च, दुपार
चाळीस झाले.
ताई, ही वही तिच्या आईला दे. नंबर शेवटच्या पानावर चिकटवलाय. आठवतं ते सगळं तारखांसकट मागच्या पानांत लिहिलंय. पोलिसांना दाखवू देत.
बोटं वळत नाहीत. लॅपटॉप आपोआप सुरू झाला — एकेचाळिसावा उघडतोय — मी बघणार नाही. मानेला गार लागतंय. बोटं — कुणाची तरी —
ताई, दार लागलं नव्हतं.
आई, तुम्ही आलात तेव्हा काहीच पुसलं नव्हतं. सगळं तुमच्या हाताखाली होतं — एका झाकणाखाली — आणि मी तुमच्या तोंडावर म्हण