चहातली सर्पगंधा

मुलुंड (पूर्व), गुरुवार

चि. लवूस सुलक्षणाताईचे अनेक आशीर्वाद.

तू, अपूर्वा आणि गोठ्यातली मंडळी मजेत असाल. तुझा गुडघा कसा आहे? (तेल लावतोस की नुसताच कण्हतोस?) मी ठीक आहे. तुझे भावोजी मात्र शांत आहेत. हसू नकोस, ह्याच गोष्टीची मला धास्ती बसली आहे.

तुला ठाऊकच आहे, ह्यांचं ब्लडप्रेशर आणि आवाज दोन्ही चढेच. डॉक्टरच्या गोळ्या गिळायच्या नाहीत, आणि तू धाडलेल्या सर्पगंधेच्या मुळांच्या पुडीचं तर नावही काढायचं नाही. आमच्या धाकटीच्या लग्नात सोलकढी पातळ झाली असं तू चारचौघांत म्हणालास, तेव्हापासून सहा वर्षं तुझ्या हातचं पाणीसुद्धा ह्यांना वर्ज्य. मग मी काय करणार? चहात घातली. (आलं बक्कळ ठेचून टाकलं की कडू लागत नाही.) महिन्याभरात प्रेशर उतरलं आणि घरात फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. खोटं कशाला सांगू, मी सुखावले. चौथ्या मजल्यावरच्या श्यामसुंदरने आमच्या जागेवर गाडी घातली, तर हे खाली जाऊन त्याला हाताने 'अजून मागे, अजून मागे' दाखवून आले. सोसायटीची सभा बारा मिनिटांत आटोपली. तरी लोक खुर्च्या सोडेनात, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मग माझी पाचावर धारण बसली. मी बाथरूममध्ये असताना कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या, हे समोर बसून होते, उठले नाहीत. पेपर हातात, पण पान सकाळपासून तेच. टीव्ही बंद, आणि हे त्याच्याकडे बघतायत. हाक मारली की हसतात रे, पण दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं. परवा नातीने व्हिडिओ कॉलवर पडलेला दात दाखवला. हे 'छान' म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. पोरगी मला विचारते, आजोबा कुठे गेलेत? आणि हे माझ्या शेजारीच बसलेले!

शेवटी खालच्या डॉक्टर ऋताला जाऊन सांगितलं. झाडपाल्याने काय होतंय, असं म्हणून मी तिची बोलणी ओढवून घेतली. ती म्हणाली, माणसाला उभारी देणारी रसायनं मज्जातंतूंच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात. ह्या मुळातलं रेसरपिन त्या पिशव्या भरूच देत नाही, आणि बाहेर उरलेलं शरीर मोडून टाकतं. साठा संपला की प्रेशर उतरतं, आणि कधीकधी माणूसही. पूड बंद केली तरी साठा परत भरायला काही आठवडे लागतात. काहींची उदासी त्याहून लांबते. किती, ते तिला सांगता येईना. ह्यांना एकटं सोडू नका, म्हणाली. पूड बंद करून आज नववा दिवस. चाळीस वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या, त्याच्यासाठी आता कान देऊन बसते, लवू. मला फार भीती वाटते.

तुझी,
ताई

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण हे, की तू ताबडतोब ये आणि ह्यांच्याशी भांड. विषय कुठलाही चालेल.

ता. क. दुसरा : तू चिमूटभर सांगितली होतीस. सभेच्या आठवड्यात मी चमचा घालत होते, दोन वेळा. प्रेशरसाठी नाही, शांततेसाठी. डॉक्टरला मी चिमूटच सांगितली. उद्या जाऊन खरं सांगते.

ता. क. तिसरा : मी चहा टाकायला उठले तेवढ्यात ह्यांनी चष्मा लावून हे सगळं पत्र वाचलं. चमच्याचंही वाचलं. म्हणाले, अक्षर छान आहे तुझं. पाकीट दे, टाकून येतो.