मोहसीनचा चालू डाव

४ मे
कॉम्प्युटर आज परत आपोआप बंद पडला. तापतो. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लावला की तासाभरात मान टाकतो. मोहसीनना माती देऊन तीन आठवडे झाले, त्यांचा इंटरनेटवरचा डाव मात्र चालूच आहे. या प्रकारात एकेका चालीला बरेच दिवस मिळतात, कॉम्प्युटरची मदत घेतलेली चालते. समोर पोलंडचे कुणी आजोबा. त्यांना कळवलेलं नाही. चाली मी पाठवते, मोहसीनच्या नावानं.

हे चुकीचं आहे. माहीत आहे मला.

५ मे
नवं मशीन घ्यायचं. चाल वेळेत गेली नाही तर डाव संपेल, आणि चालू डावांच्या यादीतून ते नाव निघेल. तेवढंच नको आहे. बाकी कशाचं काही वाटत नाही. जेवते, झोपते.

६ मे
नवरा गेल्यानंतरची इद्दत चालू, घराबाहेर पडायचं नाही. म्हणून दीर निसार शिरोलीहून परस्पर दुकानात गेला. तिथून फोन. "भाभी, ह्यो म्हणतोय गेमसाठी हाय तर ग्राफिक कार्ड पायजेच की. आत लाईटबिट लागत्यात."

म्हटलं, त्यालाच दे फोन. मोहसीनचा प्रोग्रॅम सगळा भार प्रोसेसरवर टाकतो, कार्ड नुसतं बसून राहील. कोअर जास्त हवेत, रॅम भरपूर, आणि कूलर असा की दिवसभर चालवलं तरी तापायला नको. दुकानदार म्हणाला, "खेळतंय कोण म्हणायचं?"

म्हटलं, आमचे हे.



९ मे
मशीन आलं. सोळा कोअर. मोहसीनच्या अम्मी म्हणाल्या, "केवढं ह्ये, फ्रीज हाय का काय?" हसायला हवं होतं. निसारनं सगळं जोडून दिलं आणि डोळे पुसत गेला. मी पाहत राहिले.

प्रोग्रॅम लावला. प्रत्येक चालीपुढं एकच आकडा — शून्य. कुणीच वरचढ नाही. जुनं मशीनही हेच सांगत होतं, धापा टाकत. म्हणजे बरोबरी. पण बरोबरीचा डावही रेटता येतो. प्रत्येक चाल मुदतीच्या टोकाला पाठवायची. वर्ष सहज निघेल.

१० मे
उंट मागं घेतला.

१४ मे
आजोबांनी बरोबरी मागितली आहे. खाली लिहिलंय — मित्रा, तब्येत बरी आहे ना? हल्ली चालीबरोबर काही लिहीत नाहीस.

मोहसीन लिहायचे. पंचगंगेला पाणी किती, गुऱ्हाळं सुरू झाली का, अम्मींचा गुडघा. मी नुसत्या चाली पाठवत होते! सोळा कोअर घेऊन बसले, आणि हे लक्षातच आलं नाही.

१५ मे
बरोबरी मान्य केली. आजोबांना खरं ते लिहिलं. पाठवलं आणि कुणीतरी ओरडून रडायला लागलं — ती मीच. अम्मी आतून धावत आल्या. "काय झालं गं?"

"मोहसीन गेले."

"व्हय बाळा," म्हणाल्या, आणि माझ्याजवळ खाली बसल्या.