स्ट्रॉबेरीचे सॉर्बे, माझ्या पद्धतीने

ता. २ मार्च. सकाळी ७.
सौ.चे किरणांचे शेक काल पूर्ण झाले. एकूण तेहतीस. रुग्णालयाच्या कागदावर 'पूर्ण' असा स्पष्ट शब्द आहे. पूर्ण म्हणजे संपले. त्या काळची चौथी उत्तीर्ण झालेल्या माणसास एवढा अर्थ कळतो. सूनबाई मात्र म्हणाली, बाबा, शेक संपले, पण तोंडाचा त्रास आता कुठे सुरू होईल. तिला वाईट बोलण्याची घाई फार.

तोंडात जखमा आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की थंड आणि मऊ द्या. तिखट नको, आंबट नको, खारट नको. वजन एकेचाळीस किलो. पंधरा तारखेस पुन्हा वजन होईल. चाळिसाच्या खाली गेल्यास नाकातून नळी. सौ.ने शेजारच्या खाटेवरील बाईची नळी पाहिली आहे. तेव्हापासून ती स्वतःच्या नाकास वारंवार हात लावते. मी तिला शब्द दिला की नळी लागणार नाही.

रुग्णालयातून येताना फळांच्या गाडीपाशी सौ. म्हणाली, किती लाल आहेत. स्ट्रॉबेरी होत्या. चार दिवसांत तिने आपणहून उच्चारलेले हे पहिले वाक्य. मी तिची इच्छा तत्काळ ओळखली.

दुपारी ३.
सूनबाईने फोनवर कृती दाखविली. सॉर्बे असे नाव. फळ वाटणे, साखरेचे पाणी घालणे, गोठविणे. मला हसू आले. बर्फाच्या कारखान्यात अडतीस वर्षे, पैकी एकोणीस वर्षे फोरमन. गोठविणे मला फोनने शिकवू नये.

ता. ३. सकाळी ९.
कृतीत दोन घोडचुका आढळल्या. साखर अवाच्या सवा आहे. मी निम्मी केली. दुसरे, दर अर्ध्या तासाने काट्याने ढवळा म्हणतात. बर्फ जमत असता त्यास हात लावणाऱ्या कामगाराचा मी त्या दिवसाचा खाडा मांडीत असे. ढवळणार नाही.

सूनबाई म्हणाली, बाबा, स्ट्रॉबेरी आंबट असते, आईंना झोंबेल, केळं घालू या का. केळे लाल नसते, असे मी निदर्शनास आणले.

ता. ४. सकाळी ८.
लादी उत्कृष्ट जमली. कोपरे काटकोनात. वर एकही फुगा नाही. दोष एवढाच की चमचा आत जात नाही.

सकाळी ८.४०.
काटाही जात नाही. काटा वाकला. हल्लीच्या काट्यांत दम नाही.

सकाळी ९.१५.
स्क्रूड्रायव्हर आणि वरवंटा. दोन तुकडे फ्रीजखाली गेले. सौ.ने आतून विचारले, अहो, काय बांधताय. तिची विनोदबुद्धी परत येत आहे. सुधारणेचे लक्षण.

ता. ६. दुपारी १२.
साखर दुप्पट केली. वीस तास झाले, गोठत नाही. लाल पाणी तसेच. सूनबाई म्हणते, साखर जास्त झाली की जमत नाही, तिथे लिहिलंय. हे अशक्य आहे. मीठ घातलेले पाणी गोठत नाही, हे मान्य. आमच्या टाकीतील खारे पाणी अडतीस वर्षांत कधी गोठले नाही आणि त्याच्याच गारव्याने डब्यांत लाद्या जमत. परंतु साखर म्हणजे मीठ नव्हे. फ्रीजर कमजोर आहे. चिरंजीवांनी आणला, तेव्हाच मी बोललो होतो.

सौ. आज दोन पेले दूध प्याली. बरे आहे, परंतु दूध म्हणजे काही विशेष नव्हे.

ता. ८. सकाळी १०.
निर्णय. फ्रीजर बाद. कारखान्याची पद्धत घरी राबविणार. टबात फोडलेला बर्फ, त्यात खडे मीठ, मध्यभागी डबा, आणि तो डबा हाताने फिरवीत राहणे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मला नमुन्याचा लहान पत्र्याचा डबा भेट दिला होता. माळ्यावरून काढला. बावीस वर्षांनंतरही भक्कम.

डबा तपासणे हे माझे खास काम असे. दर सोमवारी प्रत्येक डबा उजेडापुढे धरायचा. बारीकसे भोक असले तरी ताऱ्यासारखे चमकते. गळक्या डब्यात खारे पाणी शिरते आणि लादी खारट होते. अडतीस वर्षांत माझ्या हातून एकही खारट लादी बाहेर गेली नाही. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी हे वाक्य दोनदा म्हटले.

खिडकीपाशी डबा धरला. आत मिट्ट काळोख. उत्तम.

सूनबाई म्हणाली, बाबा, मी बघू का एकदा, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय. मी सांगितले की मोतीबिंदू त्या डॉक्टरला दिसतो, मला दिसत नाही.

ता. ९. सायंकाळी ५.
यश.

तीन तास डबा फिरविला. सॉर्बे मऊ, दाणेदार, चमच्यावर ठरणारे. सूनबाई चाखायला पुढे आली, तिला थांबविले. रुग्णाच्या वाट्यात कोणी तोंड घालू नये. मी मधुमेही, मी गोडास शिवत नाही. नियम म्हणजे नियम.

खाटेपाशी स्टूल घेऊन बसलो आणि स्वतः भरविले. सौ.ने तीन चमचे घेतले. पहिल्याच चमच्यास तिच्या डोळ्यांत पाणी आले. समाधान असे चेहऱ्यावर दिसते. कसे झाले, विचारले. म्हणाली, गोड झालंय.

ता. ११. सायंकाळी ६.
चार चमचे. प्रत्येक चमच्यास डोळे मिटते आणि खाटेची कड घट्ट धरते. भावना आवरण्याची तिची ही जुनी रीत.

माझी बोटे सुजली आहेत. बर्फाचा माणूस बर्फाने सुजत नाही. उशीखाली हात आला असेल.

ता. १३. दुपारी ४.
पाच चमचे. उच्चांक. सूनबाईने स्वयंपाकघरात गाठून तक्रार केली की हे सुरू झाल्यापासून आई दुधाचा पेला परत करतात, पाणीसुद्धा कसंबसं घेतात. स्वाभाविक आहे. एकदा उत्तम वस्तू जिभेला लागली की साधी नकोशी होते. म्हणाली, बाबा, त्यांना विचारा तरी. मी रोज विचारतो. रोज एकच उत्तर येते. गोड झालंय. आणखी कोणती साक्ष हवी.

परवा वजन. बेचाळीस भरेल असा माझा अंदाज. आज सौ.ने नाकास हात लावला नाही. तो हात सबंध वेळ गालावर होता.

ता. १५. दुपारी १.
अडतीस किलो सातशे.

काटा सदोष आहे. आमच्या कारखान्यात काटा दर सोमवारी वजने ठेवून पडताळीत असू. येथे शेवटचा कधी पडताळला, असे मी विचारले. परिचारिका म्हणाली, आजोबा, मागच्या बाईचं तीन किलोनं वाढलं ना याच काट्यावर. हे उत्तर नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून सौ.चे तोंड पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, जखमा इतक्या कशा चिघळल्या, काय देताय यांना. मी सांगण्यासाठी पुढे झालो, तो सौ. माझ्या आधी म्हणाली, घरचंच, सगळं मऊच असतं. मला तिने बोलू दिले नाही. श्रेय मला मिळाले नाही, याचे वाईट वाटले.

सतरा तारखेस नळी.

दुपारी ४.
घरी आल्यावर सूनबाईने तोंड उघडले. म्हणाली, बाबा, तुमच्या त्या डब्यापायीच झालंय हे. या घरात मला असे कोणी बोलले नव्हते. चिरंजीवही नाहीत. मी तिला म्हणालो, कालचे अर्धी वाटी शिल्लक आहे, आण. मधुमेह गेला खड्ड्यात. हिच्यादेखत एक चमचा खातो आणि विषय मिटवितो.

दुपारी ४.१०.
खारट.

ता. १६. सकाळी ८.
डबा खिडकीपाशी धरला. मला काळोख दिसला. सूनबाईने माझ्या हातून घेतला, तसाच उजेडापुढे धरला. मग माझे बोट धरून तीन ठिकाणी टेकविले. बुडाशी दोन भोके, सांध्यावर एक. बोटास लागली. डोळ्यांस अजूनही दिसली नाहीत.

रागावेल असे वाटले होते. म्हणाली, चहा टाकते, बाबा, बसा. बोलली असती तर बरे झाले असते.

सकाळी ११.
सौ.पाशी गेलो. स्टुलावर बसलो नाही, उभाच राहिलो. म्हटले, ते खारट होते. म्हणाली, असेल, मला चव कुठे कळते आता, गोड काय नि खारट काय. मग गोड म्हणालीस कशी? म्हणाली, तुम्ही विचारत होतात.

म्हटले, झोंबले असेल. म्हणाली, झोंबलं हो. पुष्कळ.

मग खाल्लेस कशाला?

म्हणाली, लग्नाला बावन्न वर्षं झाली, तुम्ही कधी भरवलं नव्हतंत. म्हटलं खाऊन घ्यावं, पुन्हा सुचेल न सुचेल.

शेवटी म्हणाली, आणि मी स्ट्रॉबेरी मागितली नव्हती हो. नुसता रंग बोलले होते.

मी बाहेर येऊन टब रिकामा केला. मिठाच्या पाण्याने गच्चीवरील एक कुंडी जाईल, असे नंतर लक्षात आले. ओतून झाले होते.

ता. १७. दुपारी २.
नळी घातली. मला बाहेर थांबविले. मी शब्द दिला होता, असे मी दारावरच्या माणसास सांगितले. तो म्हणाला, काका, बाकावर बसा.

ता. १८. सकाळी ६.
सूनबाई नळीतून दूध देते. ते सौ.च्या घशाला, जिभेला कशालाच लागत नाही. तोंड कोरडे पडते. मी विचारले, काही हवे का. सौ. हळूच म्हणाली, नुसता बर्फ द्या, तो तुम्हाला येतो.

सकाळी ७.
डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारले. लहान खडा चालेल म्हणाल्या. हे विचारण्याचे काम मी स्वतः केले. सूनबाईकडे त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबरही मागून ठेवला. केवळ ठेवला आहे.

पाणी वीस मिनिटे उकळले. गाळले. निवविले. ट्रे तीनदा धुतला. त्याच कमजोर फ्रीजरमध्ये ठेवला. साखर नाही, फळ नाही. मध्ये दार उघडून पाहिले नाही.

सकाळी ११.३०.
बारा खडे जमले. एक बारीक करून प्रथम मी चाखला. कशाचीही चव नव्हती. दुसरा चाखला. त्यालाही नव्हती. मग वाटी आणि चमचा घेऊन आत गेलो आणि स्टुलावर बसलो.

सौ.ने खडा जिभेवर धरला. खाटेची कड धरली नाही. कसे झाले, हे मी विचारले नाही. थोड्या वेळाने तिने बोट वर केले. आणखी एक.