उगवतीच्या अंगावरचं ऊन

तात्या,

तुम्ही मला उभ्या आयुष्यात एकदाच रागावलात, आणि तेही एका फोटोवरून. लहानपणी रागावण्यासारखं मी पुष्कळ केलं होतं. शेजाऱ्यांच्या पेरूवर दगड मारले, आईनं तुपासाठी साठवलेलं लोणी चाटून संपवलं, एकदा तर मेंढरांच्या जाळीचं तोंड उघडं टाकून खेळायला गेले. तेव्हा तुम्ही नुसतं मुंडासं सारखं करायचात आणि आईकडे बघायचात, रागावणं हे तिच्याकडचं खातं असल्यासारखं. त्यामुळे तुमचा राग कसा असतो हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका लेकराची आई झाल्यावर कळलं.

लग्न होऊन इंदापूरला आले तेव्हा फोटो काढणं माझं काम नव्हतंच. स्टुडिओ ह्यांचा, कॅमेरे ह्यांचे. मी आत बसून फोटो कापायची, पाकिटं भरायची आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या बायकांचे पदर नीट करायची. पुढे हळदीला, डोहाळजेवणाला बायकांत पुरुष फोटोग्राफर नको असं लोक म्हणायला लागले आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि कार्यक्रम संपला तरी शेवटचे दोन-चार उरायचे. ते मी घरी येताना वाटेत संपवायची. कालव्यावरची बाभळ, तुऱ्यावर आलेला ऊस, कळंबच्या रस्त्यावर एकदा सापडलेलं धुकं. प्रिंट आले की हे विचारायचे, "ह्यात माणूस कुठाय?" धंद्याच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच होतं. ते चिडवायचे, पण अडवलं मात्र कधी नाही.

तुम्ही ते फोटो मन लावून बघायचात. पळसदेवला माहेरी आले की मी पाकीट तुमच्यापुढे ठेवायची. तुम्ही एकेक फोटो हात लांब करून धरायचात आणि जोशीबुवांनी पत्रिका सांगावी तसं सांगायचात की हे सकाळचं ऊन, नऊच्या आसपासचं, हे पौषातलं, हे पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशीचं. एकदाही चुकला नाहीत. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऊन वाचता येत होतं. कसं कळतं, असं विचारलं तर म्हणालात की मेंढरांमागं घड्याळ कुठलं. मग तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी आजपर्यंत पुरवून वापरत आले आहे. "आजारी मेंढरू आपल्या आन सूर्याच्या मधी उभं करून बघावं. निरोगी जितराबाच्या लोकरीच्या कडंला उजेड धरतो. आजारी आसंल तर न्हाय धरत." तोपर्यंत मी ह्यांनी शिकवलेला नियम पाळत होते की सूर्य आपल्या पाठीशी हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा सूर्याकडे तोंड करून बांधावरच्या कुसळी गवताचा फोटो काढला. प्रत्येक काडीच्या कडेला उजेड धरला होता. तो फोटो बघून हेसुद्धा माणूस कुठाय म्हणाले नाहीत.

मग ते कॅलेंडर आलं. बारामतीच्या एका पतसंस्थेला त्या वर्षी देवादिकांऐवजी आपल्या भागाचा फोटो हवा होता. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले की उजनी धरणाच्या पाण्यातून वर आलेलं पळसदेवचं देऊळ द्या, पण संध्याकाळचं, सोनेरी, बघितल्यावर प्रसन्न वाटेल असं. निवड झाली तर फोटोखाली माझं नाव छापणार होते. शिवाय ह्यांनी कबूल केलं होतं की मग जुना कॅमेरा कायमचा माझा आणि महिन्याला एक अख्खा रोल माझा, लग्नांचं उरलंसुरलं वापरायला नको. माझ्यासाठी ही केवढी गोष्ट होती ते मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाही नाही. पण मला तो कॅमेरा फार हवा होता.

अडचण अशी की उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो आणि होडी जागेवर थांबत नाही. म्हणून मी सकाळी जायचं ठरवलं आणि पुण्याहून येणाऱ्या माल-विक्रेत्याकडून एक काच मागवून घेतली. वर गडद तांबूस, खाली फिकट होत गेलेली. लेन्सपुढे धरली की कुठल्याही वेळी मावळती हजर. तुम्ही शेजाऱ्याची होडी मागून आणलीत, बाळाला आईकडे दिलं आणि आपण दोघं तांबडं फुटायच्या आधी निघालो. मला ती सकाळ अजून दिसते. पाणी पार खाली गेलंय, काठाला चिखलाचा आणि मासळीचा वास आहे. देवळाचं शिखर आणि खालचा थोडा भाग उघडा पडलाय आणि वर पाणकावळे बसलेत. तुम्ही बांबू चिखलात रोवून, दोन्ही हातांनी आवळून होडी धरून ठेवली आहे. जुनं गाव बुडायच्या आधी तुम्ही दुपारी ह्याच देवळाच्या सावलीला झोपायचात, हे तुम्ही त्या दिवशी मला सांगताय. मी कॅमेरा डोळ्याला लावते. तुम्ही म्हणता, "थांब. आजून टेकलं न्हाय." ऊन शिखराच्या टोकाला लागतं, हळूहळू खाली उतरतं, आणि ते पाण्याला टेकतं तेव्हा तुम्ही म्हणता, "आता." मी बटण दाबते. काच लावलेली होती. हे काय म्हणून तुम्ही विचारलं नाहीत, लेकीच्या कामात असेल काहीतरी म्हणून सोडून दिलंत.

फोटो निवडला गेला. दिवाळीनंतर कॅलेंडर छापून आलं आणि दुकानादुकानांत, दूध डेअरीत लागलं. वडगाव निंबाळकरच्या एका लग्नात तर नवरीच्या घरातच मला ते भिंतीवर दिसलं. मी एक गुंडाळी घेऊन एसटीनं पळसदेवला आले. भाकरीची वेळ होती. आईनं चुलीपुढूनच मान उंचावली, तुम्ही कॅलेंडर मांडीवर पसरलंत आणि मी आपलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मग वरची ओळ वाचली, 'उजनीकाठची सांज'. तुम्ही म्हणालात, परत वाच. मी परत वाचलं. तुम्ही फोटोवर बोट ठेवलंत, देवळाच्या ज्या बाजूला ऊन पडलं होतं तिथं.

"ऊन उगवतीच्या अंगावर हाय," तुम्ही म्हणालात. "आन तू मावळती म्हंतीस."

मी म्हणाले की लोकांना कुठं कळतंय. तेव्हा तुमचा आवाज चढला. आई भाकरी थापायची थांबली.

"लोकांचं ऱ्हाऊ दे. मी तितं हुतो न्हवं? ती सकाळ माझी बी हुती. मला न इचारता इकलीस व्हय?"

इतकंच बोललात आणि उठून गोठ्यात गेलात. मला वाटलं होतं कौतुक होईल, आईनं दृष्ट काढावी इतकं होईल. मी मागोमाग आले आणि सांगितलं की रंग छापखान्यात चढवला, मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही म्हशीपुढं वैरण टाकत म्हणालात, "आसंल." तो शब्द मला त्या रागापेक्षा जास्त लागला. होडीत माझ्या हातात काच होती आणि तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. मी सोनारालाच शेंडी लावायला गेले होते.

तरीही कॅलेंडर तुम्ही भिंतीला लावलंत, आल्यागेल्याला दिसेल असं. आईनं मला मागाहून सांगितलं की कुणी आलं की तुम्ही आपणहून दाखवायचात, आमच्या लेकीनं काढलाय म्हणून. समोरचा म्हणायचा, काय झकास संध्याकाळ हाय तात्या. तेव्हा तुम्ही होही म्हणायचा नाहीत आणि नाहीही म्हणायचा नाहीत, पाणी विचारायचात. वर्षभर तुम्ही माझं खोटं असं सांभाळलंत. मला तुमचा फार अभिमान वाटतो आणि माझी तेवढीच लाज वाटते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

कॅमेरा माझा झाला. ती काच मी परत लावली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मीच तुम्हाला म्हटलं की मला हितली खरी संध्याकाळ बघायची आहे. पाणी त्या साली फारसं उतरलं नव्हतं, देवळाचं टोक तेवढं दिसत होतं. वाऱ्यामुळे होडी काढली नाही, आपण काठावर कांद्याच्या रिकाम्या वाफ्यात बसलो. मी सोनेरी उजेडाची वाट बघत राहिले आणि सोनं काही येईना. पलीकडच्या शिवारात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर पाण्यावर पसरला. सूर्य क्षितिजापर्यंत पोचलाच नाही, वरच्या वर धुरात आणि फुफाट्यात फिकट होत विरून गेला. पाणी भाकरीच्या पिठासारखं दिसायला लागलं. मी तोंड पाडून बसले होते आणि तुम्ही हसत होतात. म्हणालात, "हितली सांज आशीच. घ्यायची आसंल तर घे." मी एक फोटो घेतला. फिकट आभाळ, फिकट पाणी, मध्ये काळं टोक. तो कुणीच विकत घेतला नाही. मी काढलेल्यांत मला तोच सगळ्यांत आवडतो, आणि त्यानंतरची तीन-चार वर्षं आपण दोघांनी ज्या सकाळी आणि संध्याकाळी काठावर बसून घालवल्या, त्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुखाच्या आहेत. तुम्ही डोळे बारीक करून पाण्याकडे बघत बसायचात, मग हळूच म्हणायचात, आता. पुढे एकदा तुम्ही म्हणायच्या आधीच माझं बोट बटणावर गेलं. तुम्ही मान डोलावलीत आणि तंबाखू काढलीत.

आता बारामतीत उजनीच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय आणि त्यांना ते कॅलेंडरचं देऊळ हवं आहे. मी ट्रंक उपसून निगेटिव्ह काढल्या. त्या सकाळचे चार फोटो आहेत, चारही काचेतून काढलेले. एक तरी साधा काढावा, असं मला सुचलं नव्हतं. तेव्हा आईकडे ठेवलेलं ते बाळ आता कॉम्प्युटरवर बसतं. म्हणाला, आई, तांबडा रंग काय, चुटकीसरशी काढतो. काढलाही. एकदा निळसर केलं, एकदा दुधाळ, एकदा हळदीच्या पाण्यासारखं पिवळट, आणि विचारलं, ह्यातलं खरं कुठलं? मी तिन्ही पुन्हा एकेक लावायला सांगितलं. शेवटी म्हटलं, राहू दे, प्रदर्शनाला तो धुराचा फोटो पाठवू.

तात्या, तुम्ही "आता" म्हणालात ते माझ्या कानात आहे, बांबूवर आवळलेले तुमचे हात डोळ्यांपुढे आहेत, पण उजेड आठवायला गेलं की मला कॅलेंडरच दिसतं. त्या सकाळचा रंग कसा होता ते मला आठवत नाही. अलीकडे पळसदेवला राहायला गेले की पहाटे उठून काठावर जाते. कॅमेरा नेत नाही. ऊन उतरताना बघते आणि दर वेळी वाटतं, अशीच असेल. तुम्ही आज असतात तर तिन्ही फोटो हात लांब करून धरून, खरा कुठला ते एका दमात सांगितलं असतंत. पण विचारायचं तर हे पत्र मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि रंग आठवत नाही ही ओळ मी गाळून पुढं गेले असते.