हेल्गाबाईंना कसं सांगू?

निफाड, जि. नाशिक

प्रिय शकुंतला,

उभ्या जन्मात तुला 'अगं ए' सोडून दुसरी हाक मारली नाही. आज कागदावर नाव लिहिताना हात अडखळला बघ.

लिहायचं कारण, परवा मी आपल्या सुनीलकडे जर्मनीला निघालोय. एकटा. बॅग तुझ्या बहिणीने भरून दिली. धाकधूक विमानाची नाही गं, त्याच्या शेजारच्या हेल्गाबाईंची आहे. तू गेलीस हे त्यांना अजून ठाऊक नाही.

सुनील क्रियाकर्माला येऊन गेला, पण परत गेल्यावर त्यांच्यापुढे त्याचं तोंडच उघडेना. काल फोनवर म्हणाला, "नाना, त्या रोज कुंपणावरून विचारतात, शकू कधी येणार? सांगून टाकू का?"

मी म्हणालो, "थांब. मी येतोय ना, मीच सांगतो."

म्हणालो खरं! पण सांगू कसं? त्यांना मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही. तुला तरी कुठे येत होतं? आभाराच्या 'डांके'पुढे तुझी गाडी सरकली नाही. तरी दोघी तासन् तास काय बोलायचात? सुनील मध्ये समजावून सांगायला आला की तूच त्याला हुसकवायचीस, "तू जा रे, आमचं चाललंय नीट!"

सुरुवात कशी झाली, आठवतं? आपण दोघं सुनीलकडे राहायला गेलो होतो, ऑक्टोबर लागला आणि तुझे हात शिवशिवायला लागले. आपल्याकडे बागेच्या छाटणीचे दिवस ना! हेल्गाबाईंच्या शेडवर द्राक्षाचा वेल पसरलेला दिसला आणि तू कात्री घेऊन थेट कुंपणापलीकडे! अर्धा वेल मोकळा झाला तेव्हा त्या ओरडत बाहेर आल्या. त्यांच्याकडे छाटणी थंडी सरताना करतात, हे आपल्याला काय माहीत? तूही पदर खोचून, "अवो बाई, आता नाय छाटायचा तर कवा? घड कवा लागायचे?" मी खिडकीआड उभा. वाटलं, आता पोलीस येतात.

मग तू त्यांचं बोट धरून काडीच्या डोळ्यावर टेकवलंस, इथून कोंब फुटेल म्हणून. त्या वाकून बघायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोघी त्या बोडक्या वेलापुढे हजर. जगतोय की मरतोय? त्या मान हलवायच्या, तू मान हलवायचीस, आणि मग कॉफी. आपण परतल्यावर उन्हाळ्यात फोटो आला, पानांनी भरलेला वेल आणि पुढे हसणाऱ्या हेल्गाबाई!

अशी माणसं जोडायला मला का नाही शिकवलंस गं? मी तिकडे सोफाच धरून बसलो. आता काय करू? वर बोट दाखवलं तर त्यांना वाटेल, तू विमानाने येतेयस. हार घातलेला तुझा फोटो नेला तर म्हणतील, वा, शकूचा सत्कार झाला! त्यांनी खुशीने टाळ्या वाजवल्या तर?

एवढं मात्र दिसतंय. मी दारात उभा राहिलो की त्या माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघतील. तू नेहमी चपला काढत मागे रेंगाळायचीस ना. मग माझ्या तोंडाकडे बघतील. तेव्हा बहुतेक सांगायचं काही उरणार नाही.

शब्द देतो, सुनीलला पुढे धाडणार नाही. पोहोचलो की त्याच दिवशी जाईन. आणि त्या रडायला लागल्या तर तोंड चुकवून पळणार नाही. त्यांनी बस म्हटलं नाही तरी बसेन.

तुझाच,
दत्तात्रय