पुन्हा विचारू नका

सोमवार, ३ जून
मोहोळच्या एसटीतून उतरले आणि थेट कामावर! चादरींच्या कारखान्यात नक्षीच्या फाइली सांभाळायची नोकरी. कुणी कधी काय बदललं, ते सॉफ्टवेअर नावासकट जपून ठेवतं. आज माझीही एक वेलबुट्टी त्यात गेली. साहेब शिवलिंगप्पा स्वतःही नक्षीकार. सगळ्यांत जुन्या नक्षीकार रत्नम्मा. त्यांनी डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी मला दिली. मी जाम खूश आहे.

शुक्रवार, ७ जून
जुनी फाइल उघडली की सॉफ्टवेअर विचारतं, नव्या फॉरमॅटमध्ये अपग्रेड करू? एकदा केलं की परत फिरता येत नाही. म्हणून इथली रीत अशी, की आधी खालच्या शेडमध्ये जाऊन नक्षी काढणाऱ्याला विचारायचं. रत्नम्मा म्हणाल्या, "ज्याची नक्षी त्याला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय, पोरी." जिने चढून-उतरून माझे पाय गळाले. कसली ही भानगड! शेवटी 'आपोआप अपग्रेड करा, पुन्हा विचारू नका' यावर खूण करून टाकली. कुणाला कळतंय?

सोमवार, १० जून
रत्नम्मांच्या सगळ्या नक्ष्या नव्या फॉरमॅटमध्ये गेल्या. नक्षी जशीच्या तशी आहे, फक्त नाव गेलंय. नव्या फॉरमॅटमध्ये नावाला जागाच नाही. त्या आज आल्याही नाहीत. शिवलिंगप्पांना विचारलं, तर म्हणाले, कोण रत्नम्मा? मला वाटलं, थट्टा करतायत. पण रत्नम्मांच्या डब्याची पिशवी खुंटीवर आहे आणि ती कुणाची, हे कुणालाच सांगता येईना.

मंगळवार
त्यांचं नाव शोधायला जुनी आवृत्ती उघडली. उघडताच तीही बदलली. त्याच्या आधीची उघडली — तीही. म्हणजे शोधता शोधता मीच पुसतेय त्यांना. देवा, काय करून बसले मी!

बुधवार
आज शिवलिंगप्पांच्या नक्ष्या गेल्या. खुर्ची रिकामी. असे कुणी साहेब नव्हतेच म्हणतात —
मी काहीच उघडत नाहीये. सॉफ्टवेअर स्वतःच एकेक फाइल घेतंय. ती खूण काढली, परत आली. वायर उपटली. तरी —

गुरुवार
माझी वेलबुट्टी उघडली. मी नाही उघडली —
आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. निदान तिनं विचारलं तरी.
पडद्यावरची अपग्रेडची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेलीये. हात जोडते. मला विचार ना. मी नाही म्हणेन. एकदा, एकदाच विचा—