सगळा बरा आसा

वेंगुर्ले, ऑक्टोबर २००६

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही.

पेपरात तुझा फोटो आलाय. प्रकाशाच्या एकेका कणावरून निरोप पाठवायचं यंत्र तू बनवलंस म्हणे. मध्येच कुणी चोरून ऐकलं तर लगेच कळतं. वाडीतले लोक पेढे मागायला आले. मी दिले.

नितेशच्या दुकानातला फोन आठवतो? परदेशातून तुझा फोन आला की अर्धी वाडी जाळी विणायची सोडून भोवती जमायची. शास्त्रज्ञाचा बापूस काय बोलतो, ते ऐकायला. जायच्या आधीच्या महिन्यांत खोकल्यातून रक्त पडत होतं, तेव्हाही बाबा त्या घोळक्यात ओरडून सांगायचे, “हंयसर सगळा बरा आसा! तू तुझा काम कर!” घरी येताना मला हळूच विचारायचे, “त्येका कळला आसतला मा गो?”

इथं सगळ्यांना कळलं होतं, दादा. नितेश तर तुझा फोन आला की मान वळवून डोळे पुसायचा. चोरून ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. ज्याच्यासाठी बाबा ओरडत होते, त्या एकट्याला कळलं नाही.

हे पत्र टाकणार नाही. परवापासून मलाही तसाच खोकला आहे. तुझा फोन आला की सांगेन, सगळा बरा आसा.

तुझ्या यशाचे पेढे वाटणारी,
योगिनी